अ‍ॅक्रिलिक नखं: टिकतात कशामुळे, उचलतात कशामुळे

अ‍ॅक्रिलिक नखांना, म्हणजे लिक्विड आणि पावडर मिसळून खऱ्या नखावर बसवायच्या कृत्रिम नखांना, घट्ट व्हायला लॅम्प लागत नाही. सुरुवात इथूनच करते, कारण घरी शिकणाऱ्या मुलींचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. लिक्विड-पावडरचा किट मागवतात, नखं बसवतात आणि वर हात जेलच्या लॅम्पखाली धरून बसतात. त्या उजेडाचा अ‍ॅक्रिलिकला काही उपयोग नाही. जेल उजेडाने घट्ट होतं. साधं नेलपॉलिश त्यातला द्रव उडून गेला की वाळतं. अ‍ॅक्रिलिक मात्र लिक्विड आणि पावडर एकत्र आल्या क्षणापासून आपलं आपण घट्ट होऊ लागतं. एवढं नीट समजलं की पुढच्या निम्म्या अडचणींची कारणं आपोआप कळतात. मी रोज हेच काम करते, आणि माझं ठाम मत आहे की आठवड्याभरात उचललेल्या, म्हणजे खऱ्या नखापासून सुटलेल्या, बहुतेक नखांचा निकाल पहिला बीड (ब्रशवर उचललेला लिक्विड-पावडरचा गोळा) ठेवण्याआधीच लागलेला असतो.

बाटलीतल्या लिक्विडला मोनोमर म्हणतात. चांगल्या मोनोमरमध्ये मुख्यतः इथाइल मेथाक्रिलेट असतं, सोयीसाठी ईएमए म्हणू. पावडर म्हणजे त्याच कुळातल्या प्लास्टिकचे अगदी बारीक, गोल कण. त्यांच्याबरोबर बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, मुरमांच्या क्रीममध्ये असतं तेच. आणि लिक्विडमध्ये अमाइन गटातलं एक रसायन थोडंसं मिसळलेलं असतं. दोन्ही एकत्र आली की अमाइनमुळे पेरॉक्साइड फुटतं, त्यातून फ्री रॅडिकल नावाचे अतिशय चपळ तुकडे निघतात आणि ते मोनोमरचे रेणू एकापुढे एक जोडत सुटतात. रेणूंच्या लांबच लांब साखळ्या तयार होतात, पावडरचे कण त्यांत पक्के अडकतात आणि ओल्या थेंबाचं कठीण नख होतं. या जोडणीत उष्णता बाहेर पडते, म्हणून नख लावताना बोटाला किंचित ऊब जाणवते.

लिक्विड एका कंपनीचं आणि पावडर दुसऱ्या कंपनीची घेऊ नका, असं सांगतात ते याचसाठी. पावडरीत पेरॉक्साइड किती आणि लिक्विडमध्ये अमाइन किती, याचा मेळ त्या त्या कंपनीने घातलेला असतो. दुसरीच जोडी जमवली तर नख वरून कडक लागतं, पण आत न जुळलेला मोनोमर शिल्लक राहू शकतो. तो पुढे त्वचेला त्रास देतो.

हे सगळं मुळात दातांच्या दवाखान्यातलं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचं नख काम करताना तुटलं आणि त्याने दातांसाठीचं अ‍ॅक्रिलिक वापरून ते सांधलं, तिथून नखांचं अ‍ॅक्रिलिक पुढे आलं. कवळीची गुलाबी हिरडी याच कुळातल्या पदार्थाची असते. लिक्विड ओतायची छोटी काचेची वाटी, डॅपन डिश, तीही दंतवैद्यांच्या टेबलावरूनच आपल्याकडे आली.

नख कोरडं हवं, पातळ नको

नैसर्गिक नख म्हणजे केराटिनचे दाबून बसलेले पातळ थर, सगळे मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात थोडं पाणी असतं, थोडं तेल असतं. अ‍ॅक्रिलिकचं या दोन्हींशी जमत नाही. शिवाय नखाच्या मुळाशी, त्वचेला लागून एक पारदर्शक मृत पापुद्रा नखावर चिकटून पुढे सरकत असतो. खरं क्युटिकल तेच. ते काढायचं राहिलं तर अ‍ॅक्रिलिक नखाला न चिकटता त्या पापुद्र्याला चिकटतं, आणि पापुद्रा सुटला की वरचं सगळंच सुटतं. बोट उजेडात तिरकं धरून बघा: नखाच्या मुळाशी जिथे चमक धुरकट दिसते, तिथे तो असतो. पुशरने, म्हणजे चपट्या टोकाच्या हत्याराने, जिवंत त्वचा हळूच मागे सारायची आणि हा पापुद्रा खरवडून काढायचा. जिवंत त्वचा कापायची नाही. तिथे चीर पडली की जंतूंना आणि मोनोमरला आत जायला वाट मिळते.

मग १८० ग्रिटच्या फाइलने (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी फाइल बारीक) फक्त चमक उतरवायची. ‘फक्त’ हा शब्द मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते. नख खरखरीत केलं की अ‍ॅक्रिलिक जास्त धरतं, हा समज फार खोलवर बसलाय. त्यापायी ड्रिल लावून नखाचे थर उडवले जातात. पातळ झालेलं नख वाकतं, वरचं अ‍ॅक्रिलिक तेवढं वाकत नाही, आणि दोघांमध्ये फट पडते. पकड यावी म्हणून केलेल्या घासकामाने पकडच जाते. लावताना ऊब येण्याऐवजी चटका बसला तर नख पातळ झालंय किंवा थर फार जाड पडलाय, एवढं ओळखायचं.

धूळ झटकली की डिहायड्रेटर. तो नखावरचं तेल-पाणी काही वेळापुरतं ओढून घेतो. काही वेळापुरतंच, म्हणून दहाही नखांना एकदम लावून ठेवण्यात अर्थ नाही. एक हात पुरा करायचा, मग दुसऱ्याला लावायचा. त्यानंतर कोणी त्या नखाला बोट लावायचं नाही, ना तुम्ही, ना जिची नखं आहेत तिने. आपल्याकडे डोक्याला खोबरेल लावून, तेच हात पुसून येणाऱ्या बायका कमी नाहीत. अशा वेळी आधी साबणाने हात धुवून, पूर्ण कोरडे करून, पाणी उडून जायला थोडा वेळ द्यावा लागतो. नख पाणी पितं, आणि ते बाहेर यायला वेळ लागतो.

पकड वाढवणारा प्रायमर शेवटी, आणि अगदी थोडा. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅसिड प्रायमरमध्ये मेथाक्रिलिक अ‍ॅसिड असतं. त्वचेला लागलं तर भाजतं. ब्रश टिश्यूवर टेकवून जवळजवळ कोरडा करायचा आणि नखाच्या मधोमध टेकवायचा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. शिकणाऱ्यांनी अ‍ॅसिड-फ्री प्रायमर वापरावा, असं माझं मत आहे.

टिप, म्हणजे लांबीसाठी नखाच्या टोकाला गोंदाने चिकटवायचं प्लास्टिकचं नख, लावत असाल तर ती कडेपासून कडेपर्यंत नेमक्या मापाची हवी. अरुंद टिप दाबून ताणून बसवली की ती मूळ आकाराकडे परत जायला बघते आणि कडेने सुटते. टिपेचा मागचा भाग नखाच्या निम्म्याहून जास्त झाकू नये. फॉर्मवर, म्हणजे नखाच्या टोकाखाली लावायच्या साच्यावर, काम जमलं की टिप आणि गोंद हा प्रकारच टळतो, पण त्याला हात बसावा लागतो.

बीड

आता खरं कसब. ब्रश लिक्विडमध्ये पूर्ण बुडवायचा, तळाशी हलके दाबून आतली हवा काढायची, मग वाटीच्या काठावर दोन्ही बाजूंनी निथळवायचा. किती निथळवला यावर बीड ओला होणार की कोरडा, हे ठरतं. ब्रशचं टोक पावडरीला लावून छोटी रेघ ओढायची, उचलायचं आणि क्षणभर थांबायचं. टोकाशी गोळा फुगताना दिसतो. आधी तो साखर लावल्यासारखा रवाळ दिसतो, मग लिक्विड कणाकणांत शिरतं आणि वर एकसारखी चमक येते. ही चमक आली की नखावर ठेवायचा, त्याआधी नाही.

योग्य बीड ठेवल्यावर आपला घुमट धरून राहतो आणि दहा-पंधरा सेकंदांत हळूहळू बसतो. प्रमाण साधारण दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर. ठेवल्या ठेवल्या पसरून कडेला पळाला, भोवती लिक्विडचं कडं दिसलं, तर ओला आहे. ठेवल्यावरही रवाळच राहिला, ब्रशला ओढला जातोय असं वाटलं, तर कोरडा.

दोन्ही चुकांपैकी ओल्या बीडची चूक मला जास्त गंभीर वाटते. ओला बीड हाताळायला सोपा असतो, छान सपाट होतो, म्हणून नवखी माणसं तिकडेच झुकतात. पण त्यात पावडरीतलं पेरॉक्साइड कमी पडतं, मोनोमर पुरा जुळत नाही, घट्ट होताना नख जास्त आकसतं, कडेने उचलतं, पिवळं पडतं. आणि तो त्वचेवर वाहतो, ते सगळ्यात वाईट. कोरड्या बीडने नख ठिसूळ होतं, आत बारीक छिद्रं राहतात, नखाला नीट भिजवत नाही म्हणून धरत नाही. तेही नुकसानच, पण ते नखापुरतं असतं.

एका नखाला तीन बीड. पहिला मोठा, पुढे वाढवलेल्या भागावर. दुसरा मधोमध, जिथे नख बोटाच्या मांसापासून सुटतं तिथे. सगळा ताण याच रेषेवर येतो, म्हणून नखाचा उंचवटा इथे हवा. लांबी वाढवाल तशी तरफ वाढते आणि हा उंचवटाही त्याच मानाने द्यावा लागतो. सपाट, लांब नखं दिसायला नाजूक असतात, पण लिफ्टच्या दारात एकदा अडकली की इथूनच तुटतात, कधी खालच्या खऱ्या नखासकट. तिसरा बीड छोटा, किंचित ओलसर, मुळाशी. तो त्वचेपासून केसभर अंतर राखून ठेवायचा आणि ब्रशच्या पोटाने पातळ करत मागे न्यायचा. आधी थापायचं, मग दाबायचं, शेवटी फिरवायचं. गुळगुळीत करायला पुन्हा पुन्हा लिक्विडमध्ये ब्रश बुडवायचा मोह होतो. प्रत्येक बुडीबरोबर वरचा थर ओला होत जातो. त्वचेला लागलं तर ते तिथेच घट्ट होईपर्यंत थांबू नका, लगेच स्वच्छ ब्रशने काढा.

टकटक झाली म्हणजे पक्कं झालं का?

दोन-तीन मिनिटांनी ब्रशच्या मागच्या दांड्याने नखावर टिचकी मारतात. टक् असा काचेसारखा आवाज आला की फाइल करायला हरकत नाही. पण जोडणी तेव्हा संपलेली नसते. मोठा भाग त्या पहिल्या काही मिनिटांत होतो, उरलेला पुढचे २४ ते ४८ तास हळूहळू चालू राहतो. स्लॅब दुसऱ्या दिवशी पायाखाली कडक लागतो, म्हणून कोणी सेंटरिंग काढत नाही, तसंच हे. त्या पहिल्या दिवशी गरम पाण्यात भांडी घासणं, कणीक तिंबणं, नखाने डब्याचं झाकण उचकटणं टाळलं तर नख पुढे आठवडाभर जास्त टिकतं, हे मी रोज बघते.

फाइलिंग थोडक्यात: अ‍ॅक्रिलिकवर १०० ग्रिटने आकार, १८० ने सफाई, २४० च्या बफरने पॉलिश. खरं नख आणि त्वचा दोन्हींपासून लांब राहायचं. या धुळीत अजून पुरते न जुळलेले रेणू असतात, म्हणून मास्क लावायचा आणि मनगटावर बसलेली धूळ लगेच पुसायची. मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी खिडकी उघडी हवी.

हवामानाचं मात्र नीट ऐका, कारण परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना ते कोणी सांगत नाही. खोलीचं तापमान २१ ते २४ अंश असेल तर अ‍ॅक्रिलिक शहाण्यासारखं वागतं. विदर्भातल्या मे महिन्यात बीड नखावर पोहोचेपर्यंत ताठ होऊ लागतो; तेव्हा एसीत काम करा, बीड छोटे घ्या आणि वाटीत लिक्विड थोडं थोडं ओता. नाशिक-जळगावच्या थंडीत उलट होतं: हात गार, लिक्विड गार, आणि घट्ट होता होता नखावर बर्फाच्या कळ्यांसारखी नक्षी उमटते. असं नख ठिसूळ असतं, काढूनच टाकावं लागतं. आधी हात चोळून गरम करा, खोली उबदार करा. बाटली गॅसजवळ किंवा गरम पाण्यात ठेवून तापवू नका, मोनोमर लगेच पेट घेतो. डोक्यावरचा पंखाही घातक आहे. त्याच्या वाऱ्याने लिक्विड भराभर उडतं, बीड गार पडतो आणि वरून कोरडा होतो. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा नखात उतरतो, तेव्हा डिहायड्रेटरनंतर अजिबात वेळ न घालवता बीड ठेवायचा.

काम संपल्यावर वाटीत उरलेलं लिक्विड बाटलीत परत ओतू नका. ब्रशबरोबर पावडरीचे कण त्यात गेलेले असतात, आणि त्यांच्यातलं पेरॉक्साइड अख्खी बाटली घट्ट करू शकतं. ते टिश्यूत टिपून पिशवीत बांधून टाका. बेसिनमध्येही नको. ब्रश मोनोमरनेच पुसायचा. अ‍ॅसिटोनने त्याचे केस कोरडे पडून फाकतात.

स्वस्त लिक्विड आणि तुटणारं नख

आपल्या बाजारात नावगाव नसलेल्या बाटल्याही मिळतात. त्यांतल्या काहींत ईएमएऐवजी मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए, असण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९७० च्या दशकात याच्या तक्रारी गेल्या, नखं विद्रूप झाल्याच्या, त्वचेला सूज आल्याच्या. त्यांनी कोर्टातून एका कंपनीवर मनाई आणली आणि माल जप्त केला. एमएमए स्वस्त असतं आणि त्याचं नख अति कडक होतं. धक्का बसला की अ‍ॅक्रिलिक तुटायच्या ऐवजी खालचं खरं नख फाटतं. ओळखायच्या खुणा तीन: वास फारच उग्र, फाइल करायला विलक्षण कठीण, आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवूनही मऊ पडत नाही. पार्लरमध्ये बाटलीवरचं नाव विचारायला संकोच करू नका. सांगत नसतील तर उठून या.

त्वचेची अ‍ॅलर्जी हा याहून मोठा प्रश्न, आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. न जुळलेला मोनोमर वारंवार त्वचेला लागत राहिला की एक दिवस शरीर त्याला शत्रू ठरवतं. बोटांच्या टोकांना खाज, पुरळ, कातडी सोलणं, कधी पापण्यांवर सूज, कारण हात तिथेही लागतो. एकदा ही अ‍ॅलर्जी झाली की बहुधा आयुष्यभर राहते. आणि दातांचं फिलिंग, हाडांच्या शस्त्रक्रियेतलं सिमेंट, मधुमेहाच्या सेन्सरची चिकटपट्टी यांतही याच कुळातले पदार्थ असतात, त्यामुळे ती नखांपुरती राहीलच असं नाही. खाज सुटली तर नखं काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

अ‍ॅक्रिलिकवर जेल पॉलिश लावलं तर मात्र लॅम्प येतो. जेलमध्ये प्रकाशाने फुटणारी रसायनं असतात. त्यांतल्या टीपीओ नावाच्या एकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे, म्हणून डबीवरची यादी वाचायची सवय लावून घ्या. जेल ज्या कंपनीचं, लॅम्प तिनेच सुचवलेला हवा. थर पातळ हवेत. आणि अंगठा वेगळा, सरळ धरून करायचा, नाहीतर तो तिरका राहतो आणि एका कडेला उजेड पोहोचत नाही. काही जेलवर चिकट थर राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन वरच्या पृष्ठभागाची जोडणी अडवतो. स्पिरिटने पुसला की झालं.

भरणं आणि काढणं

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसते आणि मधला उंचवटा पुढे सरकून चुकीच्या जागी येतो. तेव्हा फिलिंग करायचं. आधी उचललेला भाग पूर्ण फाइल करून काढायचा. त्याच्यावरच नवं अ‍ॅक्रिलिक ओढलं तर खाली पाणी अडकतं आणि तिथे स्यूडोमोनास जातीचे जीवाणू वाढून हिरवा डाग पडतो. त्याला सगळे बुरशी म्हणतात, पण तो बहुतेक वेळा जीवाणूंचाच असतो. असा डाग दिसला की झाकायचा नाही. काढायचं, नख कोरडं मोकळं ठेवायचं, दुखत असेल तर डॉक्टर.

काढताना वरचा थर फाइल करा, भोवतीच्या त्वचेला व्हॅसलीन लावा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस ठेवून फॉइल गुंडाळा. वीस ते तीस मिनिटांत अ‍ॅक्रिलिक मऊ होतं आणि लाकडी काडीने अलगद सरकतं. सरकत नसेल तर पुन्हा गुंडाळा. एक टिप खाली सरकवून नखं उपटायची पद्धत मी बघितली आहे. त्यात खऱ्या नखाचे थर सोबत निघतात आणि नवं नख पूर्ण यायला सहा महिने लागतात. अ‍ॅसिटोनही ज्वालाग्राही आहे, देवघरातली समई तेवत असेल तर दुसऱ्या खोलीत बसा.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान एका-दोन बोटांवरची नखं आधीच उतरवा, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं रीडिंग त्यांनी चुकू शकतं. रुग्णालयात काय सांगतात ते विचारून घ्या. नर्स आणि डॉक्टर मैत्रिणींना मी लावूच नका म्हणते. रुग्णांना हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे.

राहिला नवरीचा प्रश्न, जो लग्नसराईत रोज येतो: आधी मेंदी की आधी नखं? आधी नखं, मेंदीच्या निदान एक दिवस अगोदर. मेंदीत निलगिरीचं किंवा लवंगीचं तेल असतं, ते नखात मुरलं की अ‍ॅक्रिलिक धरत नाही, आणि नखं नंतर केली तर अ‍ॅसिटोन, स्पिरिट आणि वारंवार हात पुसणं यांनी ताजी मेंदी फिकी पडते. एक दिवसाचं अंतर ठेवलं की नखं पक्कीही झालेली असतात. हळदीचा पिवळा डाग मात्र उघड्या अ‍ॅक्रिलिकमध्ये चटकन उतरतो, म्हणून वर जेलचा टॉपकोट लॅम्पखाली नीट घट्ट करून घ्यायचा, टोकाची कड झाकेपर्यंत, आणि हळद उतरवल्यावर नखं आधी पुसायची.